भयभेरव आणि भयखेळ

भय ही प्राणिमात्राला नकोशी वाटणारी गोष्ट होय. धम्मपदातील दण्डवग्ग याच सार्वत्रिक अनुभवाच्या आधारे अहिंसेचा उपदेश करतो. भय टाळण्यासाठी मनुष्य घर बांधतो, दाराला कडी लावतो, रात्री दिवा जवळ ठेवतो. असे असताना तोच मनुष्य दार लावून, दिवा मालवून, कानाला हेडफोन लावून भय मुद्दाम बोलावून घेतो, हे कसे? संगणकावर आणि मोबाइलवर खेळल्या जाणाऱ्या 'सर्व्हायव्हल हॉरर' नावाच्या खेळांच्या संदर्भात हा प्रश्न आज घरोघरी विचारला जात आहे. या खेळांत खेळणाऱ्याला एखाद्या भयप्रद जागेतून जीव वाचवून बाहेर पडायचे असते. सोयीसाठी आम्ही त्यांना 'भयखेळ' म्हणू.

वडीलधाऱ्यांची यावरील उत्तरे बहुधा दोन प्रकारची असतात. एक, मुलांची अभिरुची बिघडली आहे. दुसरे, हा केवळ पोरखेळ आहे, मोठे झाल्यावर सुटेल. दोन्ही उत्तरांत त्या खेळात नेमके काय घडते हे पाहण्याचे कष्ट घेतलेले नाहीत. पालि साहित्याच्या अभ्यासकाला मात्र हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. भयाच्या जागी स्वतःहून जाणे, तेथे थांबणे आणि भय आले असता काय करावे याचा विचार करणे, हा मज्झिमनिकायातील चौथ्या सुत्ताचा, म्हणजे भयभेरव सुत्ताचा, विषयच आहे. त्या सुत्ताच्या प्रकाशात या खेळांचे आकर्षण समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

खेळाचे स्वरूप

प्रथम खेळ कसा असतो ते पाहू. या प्रकाराची पाळेमुळे 1989 साली जपानमध्ये कॅपकॉम कंपनीने काढलेल्या 'स्वीट होम' या खेळात आणि 1992 सालच्या 'अलोन इन द डार्क' या फ्रेंच खेळात सापडतात. 1996 साली कॅपकॉमचाच 'रेसिडेंट ईव्हिल' आला आणि 'सर्व्हायव्हल हॉरर' हे नाव त्याने रूढ केले. जपानमध्ये तो 'बायोहॅझर्ड' या नावाने ओळखला जातो. 1999 साली कोनामी कंपनीचा 'सायलेंट हिल' आणि 2010 साली स्वीडनमधील 'अॅम्नेशिया : द डार्क डिसेंट' हे या परंपरेतील पुढचे महत्त्वाचे टप्पे होत.

या सर्वांत एक समान सूत्र आहे. इतर लढाईच्या खेळांत खेळणारा बलवान असतो, येथे तो दुर्बल असतो. 'रेसिडेंट ईव्हिल'मध्ये बंदुकीच्या गोळ्या मोजक्याच मिळतात. जवळ बाळगण्याच्या वस्तूंनाही मर्यादा असते. खेळ जेथपर्यंत आला तेथवर जतन करायचा तर टाइपरायटर शोधावा लागतो, त्यासाठी शाईची फीत लागते, आणि त्या फितीही थोड्याच असतात. 'सायलेंट हिल'मध्ये सारे गाव दाट धुक्याने भरलेले आहे. तत्कालीन यंत्राला दूरचे दृश्य दाखवणे जड जात होते. धुक्याने ती उणीव झाकली आणि तेच धुके खेळाचा प्राण ठरले. त्यात नायकाजवळ एक लहानसा रेडिओ असतो. संकट जवळ आले की तो खरखरू लागतो. म्हणजे दिसण्याआधी ऐकू येते. 'अॅम्नेशिया'मध्ये तर शस्त्रच नाही. अंधारात फार वेळ राहिले तर पात्राची मनःस्थिती ढासळते, आणि राक्षसाकडे पाहत राहिले तरी ढासळते. दिव्याचे तेल जपून वापरावे लागते.

आपल्याकडील मुलांना यापैकी महागड्या यंत्रांवरचे खेळ फारसे परिचित नसतील, परंतु 2017 साली मोबाइलवर आलेला 'ग्रॅनी' हा खेळ पुष्कळांच्या परिचयाचा आहे. खेळणारा एका अनोळखी घरात, कुलूपबंद अवस्थेत जागा होतो. घराची मालकीण एक वृद्धा आहे. तिला प्रत्येक आवाज ऐकू येतो. हातातील वस्तू फरशीवर पडली की ती तिकडे धावते. बाहेर पडण्यासाठी पाच दिवस मिळतात. किल्ल्या आणि अवजारे शोधायची, पावले जपून टाकायची, चाहूल लागली की कपाटात वा पलंगाखाली दडायचे. तिला काही काळ बेशुद्ध करता येते, कायमचे दूर करता येत नाही. ज्या आजीच्या मांडीवर बसून मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी भुतांच्या गोष्टी ऐकल्या, तीच आजी येथे पाठलाग करते. आधाराचे माणूस भयाचे कारण झाले की भय दुणावते, हे त्या खेळाच्या कर्त्याने ओळखले असले पाहिजे.

भय गोड का लागते

भयाच्या गोडीचा प्रश्न नवा नाही. नाट्यशास्त्रात भरताने आठ रसांत भयानकाला स्थान दिले आणि भय हा त्याचा स्थायिभाव मानला. रंगमंचावरचे भय पाहून प्रेक्षक उठून पळत नाही, कारण त्या भयाची किंमत त्याला स्वतःच्या प्राणाने चुकवावी लागत नाही. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात श्रमणांनी टाळावयाच्या गोष्टींची यादी आहे. तीत अट्ठपद, दसपद असे पटावरचे खेळ येतात, आणि निरर्थक गप्पांच्या प्रकारांत राजकथा, चोरकथा यांच्याबरोबर 'भयकथा'ही येते. तेव्हाही लोक जमून भयाच्या गोष्टी चघळत होते, एवढे यावरून निश्चित होते. मराठीत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथांना लाभलेला वाचकवर्ग, किंवा 2018 सालच्या 'तुंबाड' या चित्रपटाचे झालेले स्वागत, ही त्याच गोडीची अलीकडची उदाहरणे होत.

आधुनिक मानसशास्त्राने याचे दिलेले एक उत्तर आपल्या स्वयंपाकघरातून समजण्यासारखे आहे. पॉल रोझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मिरची खाण्याच्या सवयीचा अभ्यास केला. मिरची जिभेला भाजते, डोळ्यांत पाणी आणते, शरीर तिला धोका समजते. परंतु खाणाऱ्याला पक्के ठाऊक असते की आपल्याला काही होणार नाही. शरीर ओरडत असताना मन निश्चिंत असते, आणि या विसंगतीतूनच आनंद निर्माण होतो. ठेचा खाऊन सुस्कारे सोडणाऱ्या आणि पुन्हा भाकरीचा तुकडा त्याच ठेच्यात बुडवणाऱ्या माणसाला हे सिद्धान्ताविनाही कळते.

डेन्मार्कमधील ऑर्हुस विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास याच्या पुढे जातो. भीती दाखवण्यासाठी मुद्दाम उभारलेल्या एका घरात शिरणाऱ्या 110 जणांच्या हृदयाचे ठोके त्यांनी मोजले आणि भय व आनंद यांचा संबंध तपासला. भय फार थोडे असेल तर कंटाळा येतो, फार झाले तर आनंद नाहीसा होतो, मधल्या एका पट्ट्यात मात्र आनंद सर्वाधिक असतो, असे त्यांना आढळले. हे वाचताना पालिच्या वाचकाला सोण थेराला भगवंतांनी दिलेला वीणेचा दृष्टान्त आठवल्याशिवाय राहणार नाही. तार अति ताणलेली असली तरी सूर लागत नाही, अति ढिली असली तरीही नाही. भगवंतांनी तो दृष्टान्त वीर्यासंबंधी, म्हणजे प्रयत्नासंबंधी दिला. भयखेळाचा कर्ता हीच गोष्ट भयाच्या बाबतीत करतो. तो तार पिळतो आणि तुटण्याआधी सैल करतो. 'रेसिडेंट ईव्हिल'मधील टाइपरायटरच्या खोलीत शत्रू येत नाही आणि तेथे शांत संगीत वाजते, ते याचसाठी.

परंतु या स्पष्टीकरणांनी प्रश्न पूर्ण सुटत नाही. चित्रपट पाहणारा डोळे मिटून घेऊ शकतो, कथा आपोआप पुढे सरकते. भयखेळात खेळणाऱ्याने पाऊल टाकल्याशिवाय काहीच पुढे सरकत नाही. अंधाऱ्या जिन्याकडे त्यालाच जावे लागते. येथे भय पाहावयाचे नसून त्याच्यासह काही करावयाचे आहे. हाच या खेळाचा विशेष, आणि येथेच भयभेरव सुत्ताशी त्याची तुलना उपयुक्त ठरते.

भयभेरव सुत्ताचा आशय

श्रावस्तीच्या जेतवनात जाणुस्सोणि नावाचा ब्राह्मण भगवंतांकडे येतो आणि म्हणतो की, अरण्यातील एकान्त निवास सहन करणे कठीण आहे, समाधी न लाभलेल्या भिक्षूचे मन तेथे हरपून जाईल. भगवान हे नाकारत नाहीत. संबोधीपूर्वी, बोधिसत्त्व असताना, आपल्यालाही असेच वाटत असे, असे ते सांगतात. नंतर ते कोणाला अरण्यात भय वाटते याची सोळा कारणे देतात. ज्याचे कायिक, वाचिक, मानसिक कर्म अशुद्ध आहे, ज्याची उपजीविका अशुद्ध आहे, जो लोभी आहे, द्वेषी आहे, संशयी आहे, आत्मस्तुती व परनिंदा करणारा आहे, ज्याची स्मृती ढळलेली आहे, अशांना भय वाटते. भयाचे मूळ अरण्यात शोधण्याऐवजी अरण्यात शिरणाऱ्याच्या आचरणात शोधलेले आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

पुढचा भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. बोधिसत्त्व ठरवतात की पक्षाच्या चतुर्दशी, पंचदशी व अष्टमीच्या रात्री आराम-चैत्य, वन-चैत्य, वृक्ष-चैत्य अशा अंगावर काटा आणणाऱ्या जागी जाऊन राहावे आणि भय पाहावे. तेथे कधी एखादे जनावर येते, कधी मोर काटकी पाडतो, कधी वारा पाचोळा हलवतो. मनात येते, आले ते भय. तेव्हा ते स्वतःला विचारतात की, मी भयाची वाट पाहतच का राहावे? ज्या स्थितीत ते येईल त्याच स्थितीत त्याला दूर का करू नये? चालत असताना भय आले तर ते शमेपर्यंत ते उभे राहत नाहीत, बसत नाहीत, आडवे होत नाहीत. बसलेले असताना आले तर बसूनच त्याला सामोरे जातात.

अट्ठकथाकार 'भयभेरव' या सामासिक शब्दाचा उलगडा करताना दोन गोष्टी वेगळ्या करतात. एक चित्ताचा त्रास, म्हणजे मनात उठणारा थरकाप. दुसरे भयानक आलंबन, म्हणजे ज्यामुळे थरकाप उठतो ती बाहेरची वस्तू. भय मनात आहे, भेरव समोर आहे. आमच्या मते भयखेळांच्या आकर्षणाचा आणि त्यांच्या मर्यादेचाही उलगडा या भेदाने होतो.

साम्य आणि भेद

साम्य प्रथम पाहू. पाचोळ्याचा आवाज आणि 'सायलेंट हिल'मधील रेडिओची खरखर एकाच जातीची आहे. दोन्हीकडे कान आधी जागा होतो आणि मन उरलेले चित्र स्वतः रंगवते. दोन्हीकडे मनुष्य स्वतःहून गेलेला आहे. दोन्हीकडे तो एकटा आणि जवळजवळ निःशस्त्र आहे. त्यामुळे खेळणाऱ्याला अशी एक गोष्ट लाभते जी त्याच्या दैनंदिन जीवनात दुर्मिळ झाली आहे, ती म्हणजे अखंड अवधान. 'ग्रॅनी' खेळणारे मूल पाऊल कोठे पडते, हात कशाला लागतो, दार किती उघडले, याकडे जितके लक्ष देते तितके दिवसभरात क्वचितच कशाकडे देत असेल. आपण लहान आहोत, आपले बळ अपुरे आहे, घाई केली तर घात होईल, हेही त्याला तेथे मान्य करावे लागते. शाळेत आणि घरी सतत जिंकण्याचा आग्रह सोसणाऱ्या मुलाला दुर्बलतेची ही मोकळी कबुली हवीशी वाटत असेल, तर तिला विकृती म्हणता येणार नाही. भयखेळाची गोडी केवळ भयात नाही. भयाने जागवलेले अवधान आणि थरथरत्या हातांनी का होईना पुढे टाकलेले पाऊल, यांत ती आहे.

आता भेद पाहू. खेळात जी जाण वाढते ती भेरवाची. वृद्धा कोणत्या खोलीत आहे, कोणती फळी करकरते, किल्ली कोठे ठेवलेली असते, हे सर्व बाहेरच्या आलंबनाचे ज्ञान होय. मनात उठलेला थरकाप मात्र तसाच राहतो. त्याच्याकडे पाहण्याचे काही कारणच खेळ देत नाही, कारण कपाटात दडले की तो आपोआप ओसरतो. बोधिसत्त्वांनी जी गोष्ट मुद्दाम केली नाही, म्हणजे भय येताच स्थिती बदलणे, तीच येथे जिवंत राहण्याची युक्ती आहे. म्हणून आलंबन परिचयाचे झाले की भय संपते आणि त्याबरोबर गोडीही संपते. मग नवे घर, नवा राक्षस, नवा भाग लागतो. उलट, ज्याने भय स्वतःच्या चित्तात उठताना व मावळताना पाहिले त्याला पुढच्या अंधारासाठी नवा धडा लागत नाही.

याचा अर्थ खेळ व्यर्थ आहे असा होत नाही. तो खेळणाऱ्याला अशा जागी नेऊन सोडतो जेथून भयाचे दर्शन हाताच्या अंतरावर असते. कपाटाचे दार लावून बसलेल्या क्षणी छातीचे ठोके ऐकू येतात, श्वास अडतो, तळहात ओलावतात. त्या क्षणी पडद्यावरून लक्ष काढून स्वतःच्या श्वासाकडे नेले तर ते भयाचेच अवलोकन होईल. मुलाने खेळ खाली ठेवल्यावर 'हे काय भलते खेळतोस?' असे विचारण्यापेक्षा 'भीती वाटली तेव्हा अंगात काय झाले? किती वेळ टिकले?' असे विचारणे अधिक फलदायी आहे. अगदी लहान, रात्री दचकून उठणाऱ्या मुलांना हे खेळ देऊ नयेत, हे वेगळे सांगायला नको. त्यांच्या वीणेची तार आधीच ताणलेली असते.

पळसदेवचे उदाहरण

भयखेळाची गोडी कोणत्या अटीवर उभी आहे हे पाहण्यासाठी एका प्रत्यक्ष स्थळाचा विचार करू. इंदापूर तालुक्यातील पळसदेव हे पुणे-सोलापूर मार्गावरचे गाव. भीमा नदीवरील उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले आणि काठावरची अनेक गावे यशवंतसागर जलाशयाखाली गेली. जुने पळसदेव त्यांपैकी एक. पळसनाथाचे प्राचीन दगडी मंदिर तेथेच पाण्यात राहिले. ज्या वर्षी पाणी फार खाली जाते त्या वर्षी आधी शिखर वर येते, मग मंदिर मोकळे होते, आणि भोवती जुन्या गावाच्या खुणा दिसू लागतात. ते पाहण्यासाठी दुरून लोक येतात.

निर्मनुष्य गाव, गाळातून वर आलेले देवालय, सायंकाळचा वारा, भोवती पाणी. भयखेळाच्या कर्त्याला याहून अधिक काही लागणार नाही. पाहुण्याला तेथे गोड शिरशिरी जाणवली तर नवल नाही. परंतु ज्याचे बालपण त्या गावात गेले त्याला तेथे शिरशिरी जाणवत नाही. त्याला आपल्या घराचा उंबरठा कोठे असेल ते आठवते. सोडलेले घर खेळात भयप्रद वाटते, कारण तेथे आपले कोणी राहत नव्हते. जेथे आपले कोणी राहत होते तेथे भयाची जागा दुःख घेते, आणि ते दुःख पडदा बंद करून थांबत नाही.

त्या पाण्याचे भयही खरे आहे. 2024 च्या मे महिन्यात याच जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. पैलतीरी जाण्यासाठी रोज होडीत बसणाऱ्या माणसाला भयाची गोडी शिकवण्याची गरज नसते. त्याला हवी असते सुरक्षित होडी, अंगात घालायचे जाकीट आणि पलीकडे जाण्यासाठी पूल.

भयभेरव सुत्तात याच संदर्भात एक मार्मिक विधान आहे. काही श्रमण-ब्राह्मण रात्र असताना दिवस समजतात आणि दिवस असताना रात्र. भगवान त्याला संमोह म्हणतात. रात्रीला रात्र आणि दिवसाला दिवस जाणणे हे ते स्वतःविषयी सांगतात. बुडालेल्या गावाला 'झपाटलेले' म्हणणे हे दिवसाला रात्र म्हणणे होय. वादळात भरलेली होडी हाकणे हे रात्रीला दिवस म्हणणे होय. पहिल्याने कोणाचे तरी दुःख करमणूक बनते, दुसऱ्याने प्राण जातात.

कबूल केलेले भय आणि लादलेले भय

शेवटी एका गोष्टीचा उल्लेख करणे आम्हांला आवश्यक वाटते. भयखेळ आपण खेळ आहोत हे लपवत नाही. तो बंद करण्याचे बटण खेळणाऱ्याच्या बोटाखाली असते. आपल्या समाजात मात्र असेही भय आहे ज्याला असे बटण नसते. अंगात आले म्हणून, करणी झाली म्हणून, कोणाची नजर लागली म्हणून आजारी माणसाला दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे नेले जाते. तेथे त्याला भय विकले जाते आणि त्यावरचा उताराही विकला जातो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर 2013 साली महाराष्ट्रात झालेला जादूटोणाविरोधी कायदा अशा व्यवहाराला आळा घालण्यासाठी आहे. मोबाइलवरच्या भुतावर रागावणाऱ्या घरात जर दारावर लिंबू-मिरची टांगलेली असेल, तर कोणते भय अधिक घातक आहे याचा विचार त्या घराने करावा. मुलाला पडद्यावरचे भूत खोटे आहे हे ठाऊक असते.

विसुद्धिमग्गात आचार्य बुद्धघोषांनी एक सूक्ष्म प्रश्न उपस्थित केला आहे. विपश्यनेच्या वाटेवर सर्व संस्कार भयरूपाने दिसू लागतात, त्याला भयाचे ज्ञान म्हणतात. हे ज्ञान स्वतः भिते काय? आचार्यांचे उत्तर आहे, नाही. नगरद्वारी निखाऱ्यांचे तीन खड्डे पाहणारा डोळस मनुष्य स्वतः घाबरत नाही. यांत जो पडेल तो मोठे दुःख भोगील, एवढे तो जाणतो. भय जाणणे आणि भयभीत होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे स्पष्ट होते.

अंधाऱ्या खोलीत मोबाइल हातात धरून बसलेला मुलगा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असतो. तो भयभीत आहे, आणि आपण भयभीत आहोत हे त्याला थोडेसे कळतेही आहे. त्या थोड्याशा कळण्यालाच तो कदाचित पुन्हा पुन्हा परतत असावा. ते कळणे वाढवणे हे त्याच्या वडीलधाऱ्यांचे आणि शिक्षकांचे काम आहे, आणि खेळ हिसकावून घेतल्याने ते साधणार नाही.